लाकूड पचवणारे, औषध पचवणारे

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयातून लघवीने भरलेल्या बाटल्या सायकलवरून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जात होत्या. आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिस शिपायाची ती लघवी. चेहऱ्यावरची जखम चिघळून संसर्ग डोळ्यांत आणि फुप्फुसांत पसरला होता, एक डोळा काढून टाकावा लागला होता. १२ फेब्रुवारीला त्याला पेनिसिलिन टोचायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच ताप उतरला, तो जेवू लागला. अडचण साठ्याची होती. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी बेडपॅनच्या घाटाच्या पसरट भांड्यांत बुरशी वाढवून थेंबाथेंबाने जमवलेलं औषध फारच थोडं होतं. म्हणून रुग्णाची लघवी साठवायची, तिच्यातलं पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढायचं आणि त्यालाच परत टोचायचं, असा खटाटोप चालला होता. तोही पुरा पडला नाही. औषध संपलं, संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो गेला.

वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट टंचाईची म्हणून सांगतात. तिची दुसरी बाजू मात्र सहसा कुणी उलगडत नाही. लघवीतून औषध परत मिळत होतं, कारण शरीराने ते वापरून संपवलेलं नव्हतं. बरंचसं पेनिसिलिन आत गेलं तसंच बाहेर पडत होतं.

ते आजही तसंच पडतं, फक्त बाटल्या घेऊन जाणारी सायकल राहिलेली नाही.

प्रतिजैविकांचे पर्यावरणात साठणारे अंश आणि ते मोडून टाकण्यासाठी बुरशीची मदत घेण्याचे प्रयत्न, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. ज्या जीवसृष्टीने माणसाला पहिलं मोठं प्रतिजैविक दिलं, तिच्याकडेच त्याच्या उष्ट्याची विल्हेवाट लावायला जायचं, ही कल्पना ऐकायला गोड वाटते. इतकी गोड, की तिच्यामुळे खऱ्या अडचणी झाकल्या जाण्याची भीती आहे. या विषयावर लिहिणाऱ्यांनी आतापर्यंत कौतुकाला पुष्कळ जागा दिली आहे; इथे अडचणींनाही थोडी द्यायचा विचार आहे.

आधी मोजमाप. अमॉक्सिसिलिनच्या गोळीतला निम्म्याहून अधिक भाग काही तासांत लघवीवाटे न बदलता बाहेर जातो. सिप्रोफ्लॉक्सासिनचा असा भाग चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात असतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जगभरच्या नद्यांचा हिशोब मांडला. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ४० प्रतिजैविकांचे, माणसांनी घेतलेल्या औषधांतून वर्षाला सुमारे ८,५०० टन अंश नद्यांपर्यंत पोचत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. यात कोंबड्या, डुकरं, गाईगुरं यांना दिलेली औषधं धरलेली नाहीत आणि कारखान्यांचं सांडपाणीही नाही.

मग शहरांत एवढी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत, ती काय करतात? त्यांच्या पोटात असतो तो जिवंत गाळ, आणि गाळातलं बहुतेक काम करतात जिवाणू. हवा फुंकली की ते घाण खातात, वाढतात, तळाशी बसतात. वरचं पाणी निवळून पुढे जातं. म्हणजे जिवाणूंना मारण्यासाठीच तयार केलेलं द्रव्य मोडण्याचं काम जिवाणूंवरच सोपवलेलं. ते काही अंशी जमतंही, कारण सगळी प्रतिजैविकं एका माळेचे मणी नव्हेत. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांचं चौकोनी कडं पाण्यात लवकर फुटतं. टेट्रासायक्लिन माती आणि गाळाला चिकटून बसतं. सल्फा औषधं पाण्याबरोबर लांबवर वाहत जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याची भावंडं मात्र सगळ्यांत चिवट. ती निसर्गात कधी नव्हतीच, रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जुळवली. त्यांच्या सांगाड्यात फ्लोरीन घट्ट बसवलेलं असतं, आणि असं काही पचवण्याची सवय निसर्गातल्या फार थोड्या जिवाणूंना आहे. प्रक्रिया केंद्रात पाण्यातून ती कमी झालेली दिसतात, पण त्यातली बरीचशी मोडलेली नसतात, गाळात दडलेली असतात; आणि तोच गाळ पुढे खत म्हणून शेतात जाऊ शकतो.

हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो, हे जगाला हैदराबादजवळच्या पाटणचेरूने दाखवलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी त्या केंद्राकडे येत होतं. पाण्यावर प्रक्रिया झालेली होती, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात या औषधाचं प्रमाण लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत चढतं. म्हणजे नाल्याचं पाणी रुग्णाच्या रक्तापेक्षा दहापट ‘औषधी’ होतं. दिवसभरात या एका नळातून बाहेर पडणारं सिप्रोफ्लॉक्सासिन अंदाजे ४४ किलो भरलं. सगळ्या स्वीडनला ते पाच दिवस पुरलं असतं.

हे पाणी इसकावागू नाल्यातून नक्कावागूत आणि तिथून मंजिरा नदीत जात होतं. तेलुगू मुलखातली मंजिरा म्हणजे मराठवाड्याची मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवणारी, धनेगावच्या धरणात अडणारी, २०१६ च्या दुष्काळात तळ गाठल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायला लावणारी. पाटणचेरू तिच्या वाटेवर पुष्कळ पुढे आहे, त्यामुळे लातूरकरांच्या हंड्यात ते पाणी येत नाही. पण नदी तिथून वळून उत्तरेला येते, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला लागून वाहते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. ‘तिकडचा प्रश्न’ म्हणून नकाशावर रेघ मारायला जावं, तर ती रेघ नदीच पुसून टाकते.

नदीतल्या औषधाने माणसाला थेट विषबाधा होत नाही. धोका वेगळा आहे, आणि तो पेनिसिलिन रुग्णाला मिळण्याच्याही आधी कळला होता. चेन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड एब्रहॅम यांनी १९४० मध्येच लिहून ठेवलं की काही जिवाणूंजवळ पेनिसिलिन फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पाण्यात औषधाचा हलका मारा सतत चालू राहिला की असे जिवाणू टिकतात, बाकीचे मागे पडतात, आणि टिकलेले आपली युक्ती जनुकांच्या छोट्या कड्यांतून शेजाऱ्यांना देतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर, गल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं. हे जनुक असलं की रुग्णालयातली शेवटची राखीव औषधंही चालेनाशी होतात. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये आला आहे. त्यातली किती नदीच्या पाण्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. तसा दावा करणाऱ्यापासून वाचकाने चार हात दूर राहावं.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध नदीपुरता नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. स्वतंत्र देशाने स्वतःचं पेनिसिलिन स्वतः करायचं, हा त्यामागचा हट्ट; ‘एचए कंपनी’ हे नाव तिथल्या लोकांच्या तोंडी बसलं. पेनिसिलिन करायचं म्हणजे मोठाल्या टाक्यांत पेनिसिलियम बुरशी वाढवायची. कारखान्यांत पुढे रुळलेला वाण तर अमेरिकेत पिओरिया इथे १९४३ मध्ये एका नासलेल्या खरबुजावर सापडलेला. औषध गाळून घेतलं की मागे उरतो बुरशीचा ओला चोथा. जगातल्या प्रत्येक पेनिसिलिन कारखान्यात तो टनावारी निघतो. प्रथिनांनी भरलेला असल्याने तो खत किंवा जनावरांचं खाद्य म्हणून वापरायचा मोह होतो, आणि त्यात औषधाचे अंश राहिलेले असतात. चीनने म्हणूनच २००८ मध्ये हा चोथा घातक कचऱ्याच्या यादीत घातला.

पिंपरीच्या याच कारखान्याचं एक उत्पादन डाळिंब पिकवणाऱ्यांच्या घराघरांत ठाऊक आहे: स्ट्रेप्टोसायक्लिन. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. सोलापूर, नाशिककडे डाळिंबावर ‘तेल्या’ पडला, फळावर तेलकट काळे डाग उठून ते तडकू लागलं, की शेतकरी पंपात ही पावडर टाकत आला. तेल्या हा जिवाणूंचा रोग, म्हणून जिवाणूंवरचं औषध. त्याचं गणित त्याच्यापुरतं चुकीचं नव्हतं. क्षयरोगावर देतात तेच स्ट्रेप्टोमायसिन पानांवरून ओघळून बागेच्या मातीत मुरत होतं, ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या नजरेत भरायला वेळ लागला. शेतीतला हा वापर थांबवण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात काढला.

आता बुरशीकडे.

मराठीत या जीवांची आधीच पुरेशी बदनामी झाली आहे. लोणच्यावर येते ती बुरशी, द्राक्षावर पडते ती भुरी, पावसात चामड्याच्या चपलांवर चढतो तो बुरा. उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री. २०२१ च्या उन्हाळ्यात तर ‘काळी बुरशी’ हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत भीतीने उच्चारले गेले. चांगलं नाव मिळालं ते फक्त खाण्याजोग्या जातींना: अळिंबी, धिंगरी. अलीकडे शेतकऱ्यांनी आणखी एकीला जवळ केलं आहे. मुळकूज रोखायला शेणखतात मुरवून टाकतात ती ट्रायकोडर्मा. पण जंगलात बुरशीचं खरं काम कूज रोखण्याचं नाही, कुजवण्याचं आहे.

झाड कडक उभं राहतं ते लिग्निनमुळे. साखरेच्या रेणूंची साखळी असलेलं सेल्युलोज कितीतरी जीव पचवतात. लिग्निनची गोष्ट निराळी. त्याची रचना ठरावीक नसते, कसेही जोडलेले कड्यांचे तुकडे, जणू कुणी चिंध्या हाताला येतील तशा शिवून वाकळ केली आहे. नेमक्या कुलपाला नेमकी किल्ली लावणारी विकरं इथे हतबल होतात, कारण कुलूपच दर वेळी वेगळं. ‘पांढरी कूज’ करणाऱ्या बुरशींनी यावर शोधलेला उपाय किल्लीचा नव्हे, हातोड्याचा आहे. त्या आपल्या तंतूंबाहेर अशी विकरं सोडतात जी समोर येईल त्या रेणूतला इलेक्ट्रॉन खेचून घेतात. इलेक्ट्रॉन गेला की रेणू अस्थिर होतो आणि पुढे आपसूक तुटत जातो. तपकिरी लिग्निन गेलं की मागे पांढरट, तंतुमय लाकूड उरतं. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कुठल्याही पडलेल्या ओंडक्याला नखाने खरवडलं तर हाताला लागेल असं. भीमाशंकरच्या जंगलात जून-जुलैच्या रात्री हिरवट उजेड देणारी लाकडं पाहायला लोक जातात, तो उजेडही लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचाच.

या बुरशींच्या थोरवीची एक लाडकी कथा आहे. त्या उत्क्रांत झाल्या, लिग्निन पचू लागलं आणि म्हणून पृथ्वीवर दगडी कोळसा साठण्याचं युग संपलं. २०१२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून या कल्पनेला बळ मिळालं आणि ती सगळीकडे छापून आली. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने खडकांचा पुरावा पुढे ठेवून तिच्यातली हवा बरीच काढली. कथा सुंदर आहे म्हणून ती खरी धरायची, असं या विषयात वारंवार होतं. हे त्यातलं एक उदाहरण.

हातोड्याची ओळख पटायला बराच काळ गेला. त्यातलं लॅकेस हे विकर जपानी संशोधक योशिदा यांनी १८८३ मध्येच लॅकरच्या झाडाच्या चिकात पाहिलं होतं. ते बुरशीतही असतं हे नंतर कळलं. लिग्निन फोडणारं पेरॉक्सिडेज मात्र १९८३ मध्ये सापडलं, फॅनेरोकीटी क्रिसोस्पोरियम या बुरशीत, अमेरिकेतल्या दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी. दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, ‘सायन्स’मध्ये एक छोटा लेख आला. या बुरशीने डीडीटी, लिंडेन, अगदी डायॉक्सिनसुद्धा मोडून त्यातला काही कार्बन वायुरूपात बाहेर टाकला होता. लाकडाशी यातल्या एकाचंही नातं नाही. हातोड्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

प्रतिजैविकांच्या बाबतीत बुरशीची आणखी एक जमेची बाजू आहे. ही औषधं जिवाणूंच्या शरीरातल्या अशा जागी घाव घालतात ज्या बुरशीत एकतर नसतात किंवा वेगळ्या असतात. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. बुरशीची भिंत कायटिनची, खेकड्याच्या कवचासारखी. सिप्रोफ्लॉक्सासिन जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारं यंत्र अडवतं. बुरशीचं यंत्र निराळ्या घडणीचं. ज्या पाण्यात जिवाणू गारद होतात, तिथे बुरशी निवांत जेवायला बसू शकते.

तिने हे करून दाखवलं ते जर्मनीत. १९९७ मध्ये बायर कंपनीतले हाइन्झ-गेओर्ग व्हेट्झस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ग्लिओफायलम स्ट्रायेटम ही कुंपणाच्या लाकडावर वाढणारी बुरशी एन्रोफ्लॉक्सासिनवर सोडली. हे जनावरांना देण्याचं औषध, आणि ते बायरचंच. ज्याने पेरलं त्यानेच तण कसं उपटावं याचा शोध घ्यावा, अशी ही दुर्मिळ घटना. बुरशीने ते मोडलं, पण विकरांनी नव्हे. ही ‘तपकिरी कूज’ करणारी जात लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संगतीतून हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत तापट मूलक तयार करते. रसायनशास्त्रात ही क्रिया फेंटनच्या नावाने १८९४ पासून माहीत आहे. बुरशी तिचा वापर त्याच्या पुष्कळ आधीपासून करत होती.

पुढची दोन दशकं या क्षेत्रात सर्वांत चिकाटीने काम केलं ते बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातल्या गटाने. त्यांची निवड ट्रॅमेटीस व्हर्सिकलर, पंख्यासारखी, रंगीत पट्ट्यांची, जगभरच्या ओंडक्यांवर दिसणारी बुरशी. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की लिटरमागे २ मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन दिलं, तर सात दिवसांत ९० टक्क्यांहून अधिक नाहीसं होतं. त्याच सुमारास रोममधल्या संशोधकांनी धिंगरीच्या तंतूंना ऑक्सिटेट्रासायक्लिन खाऊ घातलं. दोन आठवड्यांत जवळपास सगळं संपलं. इथे लॅकेसचा हातोडा पाण्यात उतरलाच नव्हता. औषध तंतूंत शोषलं गेलं आणि आत मोडलं. आपल्या यकृतात औषधं पचवणाऱ्या विकरांचे चुलतभाऊ बुरशीच्या पेशीतही असतात. म्हणजे एकाच घरात दोन कारखाने: एक अंगणात, एक माजघरात.

जाता जाता गिधाडांची आठवण काढायला हवी. डायक्लोफेनॅक हे प्रतिजैविक नव्हे, वेदनाशामक. मेलेल्या जनावरांतून ते पोटात जाऊन भारतीय उपखंडातली गिधाडं जवळजवळ संपली. बार्सिलोनाच्या प्रयोगात ट्रॅमेटीसने हे औषध तासाभरात ९४ टक्क्यांपर्यंत उडवलं.

एवढं सगळं वाचल्यावर प्रश्न पडतो की मग अडलंय कुठे. अडलंय ते जिवाणूंपाशीच.

चंबूत बुरशी एकटी असते. चंबू निर्जंतुक, पाणी निर्जंतुक, आंबटपणा तिला मानवेल तेवढा राखलेला, खायला ग्लुकोज. खऱ्या सांडपाण्यात कोट्यवधी जिवाणू आधीच पंगतीला बसलेले असतात आणि ग्लुकोज पडलं की सर्वांआधी तेच त्यावर तुटून पडतात. बुरशी सावकाश वाढणारी. काही दिवसांत तिचे पांढरे गोळे बुळबुळीत होऊन सुटू लागतात. बार्सिलोनाच्या गटाने हे लपवलं नाही, ही त्यांची थोरवी. २०१४ मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या सांडपाण्यावर प्रयोग केला. पाण्यात ५१ औषधी द्रव्यं सापडली होती. निर्जंतुक केलेल्या पाण्यात औषधांचा एकूण भार ८३ टक्क्यांनी उतरला. जसंच्या तसं पाणी घेतलं तेव्हा ५३ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधल्या तीस टक्क्यांच्या फरकात या तंत्राची सगळी कहाणी आहे, आणि जाहिरातवजा लेखांत नेमका पहिलाच आकडा छापला जातो.

दुसरी अडचण शब्दाची. ‘काढून टाकलं’ म्हणजे काय झालं? औषध पाण्यातून गेलं आणि बुरशीच्या अंगाला चिकटून राहिलं, तर तो पत्त्याचा बदल. रेणूचा एक कोपरा तुटला, पण जिवाणू मारणारा गाभा शाबूत राहिला, तर यंत्राला औषध दिसेनासं होतं, जिवाणूला मात्र दिसत राहतं. काही बुरशी तर रेणूवर नुसती एक टोपी चढवतात आणि ती टोपी पुढे गाळात दुसऱ्या कुणाकडून उतरवली जाऊ शकते. म्हणून उरलेलं पाणी जिवंत जिवाणूंवर टाकून ते मरतात का, हे पाहणं अधिक भरवशाचं. चेक संशोधकांनी २०१५ च्या अभ्यासात फ्लोरोक्विनोलोन, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाच्या औषधांवर बुरशी सोडून अशी तपासणी केली. जातीजातीत फरक निघाला: काहींनी औषधाचा दंश मोडला, काहींनी फक्त रूप पालटलं.

तिसरा प्रश्न जनुकांचा. औषध संपलं म्हणून त्याला न जुमानणारे जिवाणू संपतात का? पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या सांडपाण्यावरच्या २०१६ च्या कॅटलोनियातल्या अभ्यासात सात गटांतली ४७ प्रतिजैविकं शोधली गेली. बुरशीने ७७ टक्के हटवली आणि प्रतिरोधाची तपासलेली जनुकंही घटली. पण औषध किती आणि जनुक किती, यांचा सरळ मेळ लागला नाही. लेखकांनी तसं स्वच्छ लिहिलं आहे.

या सगळ्यावरून बुरशीची योग्य जागा कुठली, याचा कौल मिळतो. नदीत बुरशी सोडून नदी साफ होणार नाही. तशी स्वप्नं विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं. शहराच्या मैलापाण्याच्या महापुरातही तिचा टिकाव कठीण. ती शोभते ती उगमापाशी, जिथे पाणी थोडं आणि औषध दाट आहे: रुग्णालयाच्या मागच्या टाकीत, औषध कारखान्याच्या एका विशिष्ट नळाला, कोंबडीखताच्या ढिगात, पेनिसिलिनच्या चोथ्यात. घन पदार्थ तर तिला पाण्यापेक्षाही मानवतात. शेवटी ती लाकूड खाणारी; तिला पोहायला लावणं ही माणसाची हौस. म्हणूनच अनेकांनी तिला लाकडाच्या चिपांवर, भुश्श्यावर वाढवून तिच्यातून पाणी झिरपवायचा मार्ग धरला. लाकूड हेच घर आणि लाकूड हाच शिधा. जिवाणूंना त्यावर लगेच झडप घालता येत नाही, कारण ते त्यांना सहजी पचत नाही.

महाराष्ट्रात हा शिधा फुकट पडून आहे. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार यांवर बचत गटांच्या बाया पिशव्या टांगून धिंगरी पिकवतात. दोन-तीन तोडे झाले की पिशवी उकिरड्यावर जाते, आणि तेव्हाही तिच्यातले तंतू जिवंत असतात, विकरं शाबूत असतात. अशा वापरलेल्या पिशव्यांतला माल प्रतिजैविकं मोडायला चालतो का, याचे प्रयोग झाले आहेत आणि ते निराशाजनक नाहीत. एक पथ्य मात्र पाळावं लागेल. औषधी कचऱ्यावर जगलेली बुरशी ताटात येता कामा नये. ती पिशवी एकदा कचऱ्याच्या कामाला लागली की तिच्यावर उगवलेली छत्री कितीही टपोरी असो, ती भाजीची नाही.

खर्चाचं गणित साधं वाटतं, पण तिथेच गाडी रुतते. यंत्रातले बुरशीचे जुने गोळे ठरावीक काळाने काढून ताजे घालावे लागतात, साखर पुरवावी लागते, आंबटपणा राखावा लागतो, आणि हे रात्री-अपरात्री पाहायला माणूस ठेवावा लागतो. कारखानदार हा खर्च करील तो कुणी मोजायला येणार असेल तरच. भारताने जानेवारी २०२० मध्ये जगात पहिल्यांदाच असा मसुदा काढला होता: औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात १२१ प्रतिजैविकांचे किती अंश चालतील, त्याची एकेकाची मर्यादा. पाटणचेरूच्या नाल्यानंतर तेरा वर्षांनी आलेला तो कागद बाहेरच्या देशांतही कौतुकाने वाचला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा तिच्यात पाण्याच्या आंबटपणापासून इतर बऱ्याच गोष्टींचे आकडे होते. प्रतिजैविकांचा तक्ता वगळलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये या कारखान्यांसाठी पहिली मार्गदर्शिका काढली. ती पाळायची की नाही, हे ज्या त्या देशाने ठरवायचं आहे.